नवजाताच्या हृदयाचं वेळापत्रक: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातील सर्व जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांचं निदान, ऑपरेशन आणि देखभाल हे आमचं रोजचं काम आहे. आमच्यात बालहृदयरोगतज्ज्ञ आहेत, नवजात अतिदक्षता विभागातल्या सिस्टर आहेत, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणारे तंत्रज्ञ आहेत, समुपदेशक आहेत. पत्र खुलं ठेवण्याची कारणं दोन. यातल्या बहुतेक मागण्यांना नवी इमारत लागत नाही, एक आदेश आणि त्यावर एक तारीख लागते. आणि दवाखान्यात काय विचारायचं हे आईबापांनाही कळायला हवं.

दर हजार जिवंत जन्मांत आठ ते नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. त्यांतल्या चार-पाचांमागे एकाला पहिल्या वर्षातच, अनेकदा पहिल्या महिन्यातच, ऑपरेशन किंवा कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून नेलेल्या बारीक नळीने, उपचार लागतो. म्हणजे वर्षाला ३००० बाळंतपणं होणाऱ्या एखाद्या रुग्णालयात २५ च्या आसपास अशी बाळं जन्मतात आणि त्यांतली पाच-सहा अतिगंभीर असतात. बाकीच्यांना महिने, वर्षं मिळतात. या पाच-सहांना दिवस मिळतात, कधी तासच.

या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत जे घडलं ते थक्क करणारं आहे. अपुऱ्या दिवसांच्या, जेमतेम ७०० ग्रॅम वजनाच्या बाळाची उघडी राहिलेली डक्ट (महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी, एरवी जन्मानंतर मिटणारी रक्तवाहिनी) मांडीच्या शिरेतून बारीक उपकरण नेऊन छाती न उघडता बंद करता येते. अमेरिकेत या उपकरणाला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. फुप्फुसांकडे रक्त कमी जाणाऱ्या निळ्या बाळांसाठी १९४४ पासून शंट, म्हणजे ऑपरेशनने फुप्फुसांकडे काढलेली रक्ताची जोडवाट, हाच मार्ग होता, आता त्यांतल्या अनेकांच्या डक्टमध्ये स्टेंट बसवून वेळ मिळवता येतो. मूल वाढेल तसा फुगवून मोठा करता येणारा, लहानग्यांसाठीच घडवलेला स्टेंट २०२४ मध्ये तिकडे मंजूर झाला. फुप्फुसधमनीची झडप पायातून बसवण्याची सुरुवात २००० साली झाली, आणि आज भारतात तयार झालेल्या झडपाही त्या जागी बसवल्या जातात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एका नवजाताला दात्याच्या हृदयातला फक्त झडपा आणि धमन्यांचा जिवंत भाग बसवला गेला. त्या झडपा बाळाबरोबर वाढत असल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. कृत्रिम झडप वाढत नाही म्हणून मुलाला पुन्हापुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. त्या चक्रातून बाहेर पडायची ही पहिली खरी वाट आहे.

हे सगळं महाराष्ट्रात यावं असं आम्हाला मनापासून वाटतं. पण यातलं काहीही प्रसूतिकक्षापासून पहिल्या इकोपर्यंत जिवंत न पोहोचलेल्या बाळाच्या उपयोगाचं नाही, आणि आमची मुख्य तक्रार त्या पहिल्या टप्प्याबद्दल आहे.

एकच दोष उदाहरणादाखल घेऊ. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल. यात अशुद्ध रक्त शरीरातच फिरत राहतं आणि शुद्ध रक्त फुप्फुसांतच. दोन प्रवाह मिसळतात ते मुख्यतः दोन ठिकाणी: वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्रात आणि डक्टमध्ये. जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत डक्ट आकसू लागते, छिद्र बहुधा अपुरं असतं, आणि जन्मतः चांगलं रडलेलं, तीन किलोचं, दिसायला धडधाकट बाळ निळं पडत जातं. उपाय ठरलेले आहेत. प्रोस्टाग्लँडिन या औषधाने डक्ट उघडी ठेवायची. गरज पडली तर फुग्याने वरचं छिद्र मोठं करायचं, हे १९६६ पासून होतं आहे. मग धमन्यांची अदलाबदल दुरुस्त करणारं स्विच ऑपरेशन, जे ब्राझीलच्या अदिब जतेने यांनी १९७५ मध्ये प्रथम यशस्वी केलं. त्यात एखाद-दोन मिलिमीटरच्या हृदयधमन्याही नव्या जागी जोडाव्या लागतात. तरीही चांगल्या केंद्रांत शंभरातली ९५ हून अधिक बाळं वाचतात. मात्र साध्या प्रकारात हे ऑपरेशन पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हायला हवं. डावा कप्पा तोवर कमी दाबाच्या फुप्फुसांकडे रक्त ढकलत असतो, त्याचा स्नायू झपाट्याने पातळ होतो, आणि उशिरा स्विच केलं तर त्याला अख्ख्या शरीराचा दाब पेलत नाही.

आता याच्या शेजारी आपलं वेळापत्रक ठेवून पाहावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून झाली. कार्यक्रम चांगला आहे. त्याच्या पथकांनी अंगणवाड्यांत आणि शाळांत हृदयाची छिद्रं असलेली असंख्य मुलं शोधली आणि त्यांची ऑपरेशनं करवून घेतली. पण पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातं आणि शाळेत एकदा. पथकाच्या हाती लागतं ते तोवर तगलेलं मूल. स्विच लागणारं, अडलेल्या फुप्फुसशिरांचं किंवा डाव्या बाजूच्या अर्धवट हृदयाचं बाळ त्या यादीत कधी येतच नाही. त्याच्या मृत्यूच्या नोंदीत बहुतेक वेळा ‘न्यूमोनिया’, ‘जंतुसंसर्ग’ किंवा ‘श्वास गुदमरणे’ असं लिहिलं जातं. कार्यक्रमाच्या कागदांवर प्रसूती होते तिथेच नवजाताची तपासणीही आहे. ती नजरेने होते, आणि ऑक्सिजन ८८ टक्क्यांवर आलेलं सावळं बाळ नजरेला निळं दिसत नाही.

म्हणून पहिली तक्रार: प्रसूती होणाऱ्या प्रत्येक ठिकाणी, घरी सोडण्यापूर्वी, प्रत्येक बाळाची पल्स ऑक्सिमीटरने तपासणी आजही सर्रास होत नाही. अमेरिकेने ती २०११ मध्ये राष्ट्रीय शिफारशींत घेतली. ज्या राज्यांनी ती सक्तीची केली तिथे अतिगंभीर हृदयदोषांमुळे होणारे बालमृत्यू सुमारे ३३ टक्क्यांनी घटल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. सुईशिवाय, रक्ताशिवाय, पाच मिनिटांत होणाऱ्या तपासणीकडून याहून जास्त काय मागायचं?

पद्धत इथे पूर्ण लिहितो, म्हणजे हे अवघड आहे असं कुणी म्हणणार नाही. बाळ २४ तासांचं झाल्यावर, किंवा त्याआधी सुट्टी देत असाल तर सुट्टीच्या आधी, उजव्या हाताला आणि कुठल्याही एका पायाला प्रोब, म्हणजे यंत्राचा सेन्सर, लावायचा. हात उजवाच, कारण त्याला डक्टच्या आधीचं रक्त जातं आणि पायाला नंतरचं. दोन्ही आकडे ९५ किंवा त्याहून जास्त आणि दोहोंतला फरक ३ किंवा त्याहून कमी असेल, तर बाळ पास. कुठलाही आकडा ९० च्या खाली असेल तर लगेच नापास, पुन्हा मोजत बसायचं नाही. मधलं काहीही असेल तर एका तासाने एकदाच पुन्हा मोजायचं, आणि तेव्हाही पास झालं नाही तर नापास. पूर्वी हात किंवा पाय यांपैकी एक आकडा ९५ असला तरी चालायचं आणि दोनदा फेरतपासणी व्हायची. अमेरिकन बालरोग अकादमीने २०२५ मध्ये हा नियम कडक केला. आपण सुरुवात करणारच असू तर नव्या नियमाने करावी.

चुका कुठे होतात तेही आम्हाला ठाऊक आहे. कोविडच्या काळात वाटलेले बोटाचे चिमटे नवजाताला चालत नाहीत. पावलाभोवती गुंडाळायचा नवजात प्रोब लागतो. पाय गार असतील तर आकडा खोटा येतो, आधी पाय उबदार करायचे. कावीळीच्या निळ्या दिव्याखाली मोजायचं नाही, प्रोबवर कापड टाकायचं. बाळ रडत असताना मोजायचं नाही. पडद्यावरचे नाडीचे ठोके आणि स्टेथोस्कोपने मोजलेले ठोके जुळले तरच आकडा लिहायचा. सावळ्या त्वचेत यंत्र प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून काठावरच्या आकड्याला ‘चालेल’ म्हणायचं नाही. सर्वात नेहमीची चूक म्हणजे नुसता पाय किंवा नुसता हात मोजून रकाना भरणं.

आणि पास म्हणजे हृदय निर्दोष, असं मुळीच नाही. महाधमनी आकसलेली असली तर ही तपासणी पुष्कळदा चकते. त्यासाठी दोन्ही जांघांतल्या नाड्या बोटांनी चाचपायच्या. त्याला पैसाही लागत नाही. घरी गेल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट देतात. त्यांच्या तक्त्यात चार प्रश्न वाढवा: दूध प्यायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागतो का? पिताना मध्येमध्ये थांबून धापा टाकतं आणि कपाळाला घाम येतो का? शांत झोपेत मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास होतात का? पहिल्या दहा दिवसांनंतर रोज निदान २० ग्रॅम वजन वाढतंय का? कपाळाचा घाम ही खूण तर आजी सगळ्यांत आधी सांगते, पण ती लिहून घ्यायला कुठे रकानाच नसतो.

नापास म्हणजे थेट ‘मुंबईला न्या’, असाही अर्थ कुणी काढू नये. नापास झालेल्या बऱ्याच बाळांना न्यूमोनिया, जंतुसंसर्ग किंवा फुप्फुसांतला वाढलेला दाब निघतो. तेही घरी पाठवण्यासारखे नव्हतेच. बालरोगतज्ज्ञाने तपासायचं, इको करायचा. इको जवळ नसेल आणि बाळ ढासळत असेल, तर त्याची वाट न पाहता डक्ट उघडी ठेवणारं औषध सुरू करायचं.

इथे आमची दुसरी तक्रार येते, आणि सगळ्यांत जास्त जीव हिच्यात अडकलेले आहेत. ते औषध जवळ नसतं. प्रोस्टाग्लँडिन ई-१, म्हणजे अल्प्रोस्टाडिल, १९७० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांसाठीच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. तरीही रात्री दोन वाजता वडिलांच्या हाती चिठ्ठी देऊन त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी औषधाच्या दुकानांतून फिरवलं जातं, ही गोष्ट या क्षेत्रातल्या कुणालाही नवी नाही. नवजात विभागांत ते ठेवत नाहीत याचं कारण सहसा असं सांगतात की खप कमी, मुदत संपते आणि ऑडिटचा आक्षेप येतो. आक्षेपाच्या भीतीने अग्निशामक नळकांडं कुणी काढून ठेवत नाही. याचाही साठा तसाच समजायला हवा: वापरला नाही तरी बदलत राहायचा.

साठा लागतो तरी किती? एका अँप्यूलमध्ये १ मिलिलीटर, ५०० मायक्रोग्रॅम. ठेवायचं २ ते ८ अंशांत, लसींच्या फ्रिजशेजारी दुसरा फ्रिज असतोच. एक अँप्यूल ५० मिलिलीटर पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळली की प्रत्येक मिलिलीटरला १० मायक्रोग्रॅम होतात. तीन किलोच्या बाळाला किलोमागे मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅम द्यायचं, तर सिरिंज पंपावर तासाला ०.९ मिलिलीटर. मिश्रण २४ तासांनी बदलायचं, म्हणजे दिवसाला एक अँप्यूल. बाळ केंद्रात पोहोचेपर्यंत तीन अँप्यूल पुरतात. प्रत्येक नवजात विशेष काळजी कक्षात तीन अँप्यूल आणि फ्रिजच्या दारावर वजनानुसार तयार केलेला तक्ता, एवढीच ही मागणी आहे. तक्ता हवाच, कारण यात घात होतो तो दशांश चिन्हाचा. ०.९ ऐवजी ९ लागलं तर बाळाचा श्वास थांबतो आणि रक्तदाब कोसळतो. योग्य मात्रेतही काही बाळांचा श्वास थांबू शकतो, ताप येऊ शकतो, म्हणून अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि मास्क हाताशी ठेवल्याशिवाय पंप सुरू करायचा नाही. डक्ट उघडली आणि आकडा सुधारला की मात्रा ०.०१ ते ०.०२ पर्यंत खाली आणायची.

याच बाळांच्या बाबतीत दुसरी एक चूक भल्या हेतूने होते. निळं बाळ दिसलं की ऑक्सिजन पूर्ण सोडतात. डक्टच्या आधारावर जगणाऱ्या बाळात भरपूर ऑक्सिजन डक्टला आणखी आकसवतो, आणि काही दोषांत सगळं रक्त फुप्फुसांकडे ओढून शरीराला उपाशी ठेवतो. अशा बाळाचं लक्ष्य साधारण ७५ ते ८५ टक्के असतं. शंभरचा हट्ट धरायचा नसतो. हे वाक्य प्रत्येक नवजात कक्षाच्या भिंतीवर लावा.

बाळ हलवण्याबद्दल थोडक्यात. १०८ ची सेवा २०१४ पासून राज्यात आहे आणि तिने खूप जीव वाचवले आहेत. नवजात हृदयरुग्णासाठी मात्र गाडीत चालू इन्क्युबेटर, चार्ज झालेल्या बॅटरीचे दोन सिरिंज पंप आणि शिरेत दोन मार्ग लागतात. एक मार्ग फक्त प्रोस्टाग्लँडिनसाठी, कारण एकुलती सुई घाटात निखळली की डक्ट काही तासांत बंद होऊ शकते. निघण्याआधी शरीराचं तापमान आणि साखर पाहायची, आणि समोरच्या केंद्रात खाट आहे हे फोनवर पक्कं करायचं. गडचिरोली, नंदुरबार, सिंधुदुर्ग इथून निघालेलं बाळ एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहतं ते या एका फोनसाठी. केरळने २०१७ मध्ये ‘हृद्यम’ सुरू केलं. बाळाची नोंद ऑनलाइन होते, बालहृदयरोगतज्ज्ञ इको पाहून तातडी ठरवतात, सरकारी आणि करारातल्या खाजगी केंद्रांत जिथे खाट असेल तिथे बाळ पाठवलं जातं, आणि परत आल्यावर जिल्ह्यातले कर्मचारी पाठपुरावा करतात. महाराष्ट्रात योजना आहेत, केंद्रं आहेत, खारघरसारख्या ठिकाणी पूर्ण मोफत बालहृदय शस्त्रक्रियाही होते. त्या सगळ्यांना जोडणारा एक पडदा आणि एक फोन नंबर नाही.

सगळ्यांत सुरक्षित वाहतूक तर आईच्या पोटातली. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत दोष कळला तर बाळंतपण हृदयकेंद्राजवळ करता येतं. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने वाढवलेली २४ आठवड्यांची मर्यादाही तेव्हाच उपयोगी पडते. निर्णय काहीही असो, तो घ्यायला त्या जोडप्याला अवधी मिळतो. पण आपल्याकडे अहवालात ‘चार कप्पे दिसले’ एवढंच लिहून थांबतात. चार कप्पे अगदी ठीक असताना धमन्यांची अदलाबदल असू शकते, कारण दोष कप्प्यांच्या वर, बाहेर पडणाऱ्या धमन्यांत आहे. अहवालाच्या नमुन्यात ‘दोन्ही धमन्या एकमेकींना ओलांडतात का’ आणि ‘तीन रक्तवाहिन्यांचं दृश्य’ हे दोन रकाने सक्तीचे करा. या दोन दृश्यांना नवं यंत्र लागत नाही, फक्त थोडा वेळ आणि सवय लागते.

तिसरी तक्रार आमच्याच व्यवसायाबद्दल आहे, तिला प्रशिक्षणाशिवाय इलाज नाही. ‘छिद्र आहे, दहा किलो होऊ द्या, मग बघू.’ हा सल्ला अजून दिला जातो. खालच्या कप्प्यांमधलं मोठं छिद्र असलेल्या बाळाचं वजन वाढत नाही ते त्या छिद्रामुळेच. ते दहा किलोचं होणार कसं? फुप्फुसांत जास्त दाबाने रक्त जात राहतं, तिथल्या बारीक धमन्या जाड होत जातात, आणि साधारण दोन वर्षांच्या पुढे तो बदल परत न फिरण्याची भीती वाढते. मग एक दिवस बाळाची धाप कमी होते, वजन थोडं वाढतं, आणि घरच्यांना वाटतं बरं झालं. प्रत्यक्षात फुप्फुसांचा दाब इतका वाढलेला असतो की छिद्रातून रक्त जाणंच घटलेलं असतं. त्यानंतर छिद्र बंद करणं जीवघेणं ठरतं. अशा मोठ्या छिद्राचं ऑपरेशन पहिल्या वर्षात, बहुधा पहिल्या सहा महिन्यांत व्हायचं असतं. डाऊन सिंड्रोमच्या मुलांत हा बदल आणखी लवकर येतो आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना हृदयदोष असतो. म्हणून त्या प्रत्येक बाळाचा इको पहिल्याच महिन्यात झाला पाहिजे, हृदयात जादा आवाज ऐकू येवो न येवो.

फॅलो या दोषाच्या (खालच्या कप्प्यांमध्ये छिद्र आणि फुप्फुसांकडची वाट अरुंद) निळ्या मुलांबद्दलही एक बारीक पण महागात पडणारी चूक सांगायला हवी. ऑक्सिजन ७५ टक्के असलेल्या मुलाचं शरीर भरपाई म्हणून हिमोग्लोबिन १६-१८ पर्यंत नेतं. त्याचा अहवाल १२ आला की छापील मर्यादेप्रमाणे ‘नॉर्मल’ लिहिला जातो, आणि लोह मिळत नाही. खरं तर तो मुलगा रक्तक्षयी असतो, आणि लोह कमी असेल तर निळे झटके वाढतात. झटका आला तर गुडघे छातीशी दाबून धरायचे, बाळाला रडू द्यायचं नाही आणि लगेच रुग्णालय गाठायचं. हे सुट्टीच्या कागदावर मराठीत, चित्रासह छापून दिलं पाहिजे.

आता पैशाबद्दल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय झाला, तो आम्ही मनापासून स्वीकारला. अडचण दोन ठिकाणी आहे. तीन दिवसांच्या बाळाचं नाव रेशनकार्डावर नसतं. आईच्या कागदांवर, जन्माच्या रुग्णालयीन नोंदीवर त्याच रात्री मंजुरी मिळते असं प्रत्येक केंद्रातल्या आरोग्यमित्राला लेखी कळवा. दुसरं, शाळकरी मुलाचं वरच्या कप्प्यांतलं छिद्र बंद केलं तर ते आठवड्यात घरी जातं. नवजाताचं स्विच झालं तर छाती कधी दोन-तीन दिवस उघडीच ठेवावी लागते, व्हेंटिलेटर लांबतो, अतिदक्षता विभागात आठवडे जातात. दर ठरवताना अतिदक्षतेचे दिवस वेगळे मोजले नाहीत, तर सोपी ऑपरेशनं आधी आणि नवजात शेवटी, हे आपोआप होत राहतं. हा दोष कुणा एका रुग्णालयाचा मानू नका, तो दराच्या रचनेत आहे.

नवी उपकरणं घेण्याआधी अलीकडचं संशोधन काय सांगतं तेही पाहावं. हार्ट-लंग मशीनमधून नायट्रिक ऑक्साइड दिल्याने लहान मुलांना फायदा होतो का, हे हजाराहून अधिक मुलांवर तपासलं गेलं. व्हेंटिलेटरविना दिवस वाढले नाहीत, असा निष्कर्ष २०२२ मध्ये आला. त्याच वर्षी ऑपरेशनवेळच्या स्टिरॉइडबद्दलही मोठा अभ्यास आला, त्यातही ठळक फायदा दिसला नाही. याउलट बोस्टनहून चालणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय उपक्रमात, ज्यात भारतातली केंद्रंही आहेत, फक्त तीन गोष्टींवर भर दिला गेला: ऑपरेशनआधीची यादी मोठ्याने वाचून तपासणं, हात धुणं आणि संसर्ग रोखणं, आणि सिस्टरला डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार देणं. त्यात सहभागी केंद्रांत संसर्ग आणि मृत्यू दोन्ही घटले. आपल्या सरकारी केंद्रांत आज सगळ्यांत मोठी कमतरता आहे ती बाल-हृदय अतिदक्षतेत तयार झालेल्या सिस्टरची, आणि तयार झालेल्या सिस्टरची सहा महिन्यांत दुसऱ्या वॉर्डात बदली होते. ही बदली थांबवायला निधी लागत नाही.

शेवटची तक्रार अठरा वर्षांची. बालस्वास्थ्य कार्यक्रम अठराला संपतो, हृदयदोष संपत नाही. फॅलोच्या ऑपरेशननंतर फुप्फुसधमनीची झडप बहुधा गळत राहते आणि वीस-तिशीत अनेकांना नवी बसवावी लागते. एकाच कप्प्यावर जगणाऱ्या, फोंटान नावाचं ऑपरेशन झालेल्या मुलांचं यकृत हळूहळू कडक होतं. लग्न झालेली मुलगी गरोदर राहते तेव्हा तिची जुनी फाईल माहेरी कपाटात असते, आणि फुप्फुसांचा दाब वाढलेला असेल तर ते गरोदरपण तिच्या जिवावर येऊ शकतं. दात काढण्याआधी कुणाला प्रतिजैविक लागतं हे दंतवैद्याला सांगणारा कागदही तिच्याजवळ नसतो. वैद्यकीय महाविद्यालयांत प्रौढ जन्मजात हृदयविकारांची आठवड्यातून एक ओपीडी आणि प्रत्येकासाठी एक कायमचं हृदयकार्ड, इतकं तरी सुरू करा.

आमच्या मागण्या:

१. राज्यातल्या प्रत्येक सरकारी आणि खाजगी प्रसूतिगृहात घरी सोडण्यापूर्वी उजवा हात व पाय यांची पल्स ऑक्सिमीटर तपासणी आणि जांघेतल्या नाड्यांची तपासणी सक्तीची करावी. दोन्ही आकडे माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावेत. सहा महिन्यांची मुदत द्यावी.

२. प्रत्येक नवजात विशेष काळजी कक्षात अल्प्रोस्टाडिलच्या किमान तीन अँप्यूल आणि मात्रेचा तक्ता ठेवावा. मुदत संपलेल्या साठ्यावर ऑडिट आक्षेप घेणार नाही, असं परिपत्रक काढावं.

३. चोवीस तास चालणारा एक क्रमांक आणि सगळ्या केंद्रांच्या खाटा दाखवणारी एक ऑनलाइन व्यवस्था उभारावी. नकार देणाऱ्या केंद्राने कारण तिथेच नोंदवावं.

४. नवजात हृदय शस्त्रक्रियेचे दर अतिदक्षतेच्या दिवसांसह नव्याने ठरवावेत. बाल-हृदय अतिदक्षतेतल्या सिस्टरची किमान तीन वर्षं बदली करू नये.

५. सोनोग्राफीच्या अहवालात धमन्यांचे दोन रकाने घालावेत, आशाताईंच्या तक्त्यात चार प्रश्न घालावेत.

६. राज्याची जन्मजात हृदयविकार नोंदवही सुरू करावी, ज्यात ऑपरेशनआधी आणि ऑपरेशनविना दगावलेल्या बाळांचीही नोंद असेल. दरवर्षी ती जिल्हावार प्रसिद्ध करावी.

७. अठरा वर्षांवरच्यांसाठी ओपीडी आणि हृदयकार्ड.

या पत्राला साठ दिवसांत लेखी उत्तर मिळावं आणि त्यात प्रत्येक मागणीपुढे एक तर तारीख असावी, नाही तर नकाराचं कारण. पहिल्या दोन मागण्यांसाठी लागणारं प्रशिक्षण आम्ही विनामूल्य द्यायला तयार आहोत. एका तालुक्यातल्या सगळ्या सिस्टर आणि आशाताईंसाठी एक दुपार पुरते. यंत्र, दोन नवजात प्रोब आणि मराठीतला तक्ता आम्ही सोबत आणू. आपण फक्त दिवस कळवावा.

आपले,
राज्यातील बालहृदयरोग सेवेत काम करणारे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि समुपदेशक